आबांची बारा रोपं

माझ्या सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणतो. चोपड्याजवळच्या एका खेड्यात त्यांनी पन्नासेक वर्षं केळी आणि कपाशी केली. मग सासूबाई गेल्या. त्यांच्यामागोमाग काचबिंदूनं आबांच्या डोळ्यांची धार गेली. समोर माणूस उभा आहे एवढं दिसायचं, कोण आहे ते आवाजावरून कळायचं. आणि मागच्या आषाढात ते घरी एकटे असताना विहिरीच्या पायरीवरून घसरले. हाड मोडलं नाही, पण चार तास तिथेच पडून होते. ते चार तास माझ्या बायकोच्या डोक्यातून जाईनात. तिनं त्यांना जळगावला आणलं ते जवळजवळ उचलूनच.

आबा आले, पण राहिले नाहीत. म्हणजे देह आमच्या पुढच्या खोलीत खाटेवर होता, बाकी सगळे आबा रोज सकाळी सात वाजता परत जायला निघत. चहा झाला की पिशवी मांडीवर घ्यायची आणि लेकीला गाडीची वेळ विचारायची, "माय, चोपड्यानी गाडी कितीले शे?" ती रोज काहीतरी कारण काढायची. पाऊस, खड्डे, संप. कारणं संपत आली होती. रात्री जेवायला बसलं की तिचं लक्ष त्यांच्या ताटाकडे असायचं, आणि त्या ताटातली भाकरी रोज चतकोरानं कमी होत होती.

श्रावणात एकदा मी बाजारातून फ्लॉवर आणला. आबांनी तो हातात घेतला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे परत सरकवला. "याले औषधना वास येस."

"मग घरी लावू," मी म्हणालो. मी हे असं बोलतो. मी धुळ्याचा, वडील शाळामास्तर. आमच्या घरात हिरवं म्हणजे भिंतीचा रंग. पण जळगावच्या घराच्या मागे स्वयंपाकघर ते धुण्याचा दगड एवढी जागा मोकळी होती, आणि जिभेला हाड नाही.

आबा खाटेवर सरसावून बसले. मग लेकीला हाक मारली. "आयक. आठेनी माती मनं आयकस का, देखसू. बारा रोप लावसू. फ्लॉवर उना तं ऱ्हासू. नही उना तं मना गाव, मनं घर. मंग रडानं नही." फ्लॉवर आला तर राहणार, नाही तर परत गावी, अशी बोली ठरली.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या वेळी अंतरपाट दूर झाल्यावर पाहिलं होतं, त्यानंतर इतक्या आशेनं तिनं माझ्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही.

पहिलं पाकीट आम्ही दोघांनी मिळून वाया घालवलं. आबांनी उभ्या जन्मात फ्लॉवर लावला नव्हता. केळीला कंद आणि कपाशीला टोबणी, एवढंच त्यांच्या बोटांना ठाऊक. ते म्हणाले, दोन बोटं खोल भोक, दोन-दोन दाणे. मी तसंच केलं. फ्लॉवरचं बी मोहरीएवढं असतं हे हातात दिसत असूनही केलं. आठ दिवस आम्ही त्या मातीपुढे बसून होतो. काही वर आलं नाही. नवव्या दिवशी सकाळी आबांनी पिशवी मांडीवर घेतली तेव्हा बायको घाईघाईनं म्हणाली, "आबा, हे तं बीज जुनं व्हतं," आणि मला डोळ्यांनी बाजारात पाठवलं.

दुसऱ्या वेळी मी आधी फोनवर वाचलं. चाळलेलं शेणखत आणि माती, वर बी भुरभुरवायचं, त्यावर नखाएवढा थर, त्यावर ओलं गोणपाट. पाचव्या दिवशी आबांनी गोणपाट उचललं, तळवा हळूच मातीवर फिरवला आणि थांबले. "टोचतं," ते म्हणाले. एवढंच. त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

घट बसले त्या आठवड्यात बारा रोपं परसात लावली. सहाच्या दोन ओळी, शेवटचं रोप धुण्याच्या दगडाला लागून. आबांचा रोजचा नेम ठरला: सकाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून जायचं, प्रत्येकाच्या शेंड्याला दोन बोटं लावायची, आणि शेवटी मोठ्यानं म्हणायचं, "बठ्ठा बारा शेतस," म्हणजे सगळी बारा आहेत. मग चहा. पिशवी खुंटीवर गेली. बायको स्वयंपाकघरात गाणं गुणगुणायला लागली, आणि मला वाटलं, चला, जमलं.

माझी सगळी संकटं "चला, जमलं" या दोन शब्दांनंतर सुरू होतात.

आबांनी गावाहून कपड्यांची एक पिशवी आणि फवारणीचे दोन पंप आणले होते. एकाच रंगाचे, एकाच मापाचे. त्यातल्या एकाच्या दांड्याला लाल चिंधी बांधलेली. कपाशीच्या मुलुखात या चिंधीला कायद्याचं वजन आहे: तो पंप तणनाशकाचा. त्यातला अंश जरी कपाशीवर गेला तरी पानं मुडपतात, म्हणून तो वेगळा ठेवायचा आणि दुसऱ्या कशाला वापरायचा नाही. आबांनी हे मला आल्या दिवशीच सांगितलं होतं. मी मान हलवली होती. मान हलवणं ही माझी जुनी सवय आहे. तिचा ऐकण्याशी संबंध नाही.

दसऱ्याला स्कूटर धुतली. हार घालण्याआधी मडगार्डवर एक शेवटचा हात फिरवावा म्हणून फडकं शोधलं, तर समोर दांड्याला छान मऊ चिंधी. सोडली, पुसलं, टाकून दिली. स्कूटर अशी चमकली की मी तिचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी आबा भुसावळला गेले. त्यांची बहीण तिथे रेल्वे कॉलनीत राहते; दरवर्षी दसऱ्याचं सोनं ते तिच्या घरी नेऊन देतात. चार दिवस राहणार होते. जाताना मला म्हणाले, "पानंले अळ्या लागी ऱ्हायन्यात. मी येस तवर काही करू नका."

काही करू नका म्हणजे काय? मी शिकला-सवरलेला माणूस. संध्याकाळी निंबोळीचं तेल पाण्यात कालवलं, दोनातला एक पंप उचलला. तळाशी थोडं काही हलत होतं. पाणी असेल. त्यावरच ओतलं आणि एकेका रोपाला न्हाऊ घातलं. अकरा झाली. बाराव्यावर बायकोनं धुण्याचं पाणी उडू नये म्हणून टोपली पालथी घातली होती. वाकून ती उचलायचा मला कंटाळा आला. माझ्या आळशीपणानं आजवर केलेलं हे एकमेव सत्कार्य.

तिसऱ्या दिवशी सकाळी पानं वळली होती. कडा आत, देठ पिळवटलेले, शेंडे खाली. मी पाणी घातलं. दुपारपर्यंत आणखी पिळवटले. बायको पंपाजवळ गेली, झाकण उघडून वास घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "अहो, याची चिंधी कुठे आहे?"

मी सांगितलं. ती धुण्याच्या दगडावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आबा जातील आता."

आणि तेवढ्यात फोन वाजला. आत्याबाई भुसावळहून बोलत होत्या: भाऊ थांबायला तयार नाही, रोपं-रोपं करतोय, आत्ताच एकच्या गाडीत बसवून दिलं.

भुसावळ ते जळगाव गाडीला अर्धा तास लागतो. मी स्कूटर काढली. असोद्याच्या रस्त्याला एक रोपवाटिका आहे. तिथला माणूस झारीनं पाणी घालत होता. मी ओरडलोच, "फ्लॉवरची रोपं! अकरा! महिनाभराची!"

"अकरा?" तो हसला. "भाऊ, लोक हजारात नेतात."

"अकराच. लवकर."

त्यानं एका ट्रेकडे बोट केलं. "याच्यातली घ्या, फ्लॉवरच आहे." मग शेजारच्या ट्रेकडे पाहून थोडा थांबला. "हां, फ्लॉवरच." त्या थांबण्यात काय होतं हे ऐकायला माझ्याजवळ कान मोकळे नव्हते. रोपं डिकीत, हेल्मेट हाताला, आणि रेल्वे फाटक बंद. फाटकाशी उभा असताना समोरून भुसावळहून येणारी गाडी धडधडत गेली. तिच्या कुठल्यातरी खिडकीत आबा बसले होते.

बायकोनं तोवर मेलेली अकरा उपटून, वरची माती खरवडून पोत्यात भरली होती. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून लावत सुटलो. तेरा वर्षांच्या संसारात आम्ही एवढं एकमतानं कुठलंच काम केलं नव्हतं. अकरावं रोप दाबलं आणि पुढच्या दारात रिक्षा थांबली.

आबा चपला काढून थेट परसात आले. पहिल्या रोपाला बोटं लावली. दुसऱ्याला. तिसऱ्याशी थांबले. माझ्या नखांत माती होती. मी हात पाठीमागे धरले, जणू त्यांना ते दिसणारच होते.

"लहान लागतंय."

"ऊन फार झालं आबा, चार दिवस," मी म्हणालो. आवाज माझाच होता.

ते पुढे गेले. शेवटच्या रोपाशी पोचले. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "बठ्ठा बारा शेतस."

बायको आत निघून गेली. ती रडत होती की हसत होती, ते मी विचारलं नाही.

पुढचे दोन महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. रोज सकाळी आबांच्या आधी उठून परसात जायचं, काही मेलं-बिलं नाही ना बघायचं, आणि मग तो नेम ऐकायचा. रोपं मात्र जोमात होती. गोल, जाड, निळसर झाक असलेली पानं. फक्त दगडाशेजारचं ते बारावं रोप वेगळंच वाढत होतं: पानं लांबट, उभी, मधली शीर पांढुरकी. माझ्या तज्ज्ञ डोक्यानं निकाल दिला की टोपलीखालूनसुद्धा याला विष लागलं असणार, म्हणून हे असं वेडंवाकडं झालंय. त्याच्यामुळे आबांना संशय यायच्या आत ते काढून टाकावं. एका सकाळी मी बुंध्याला हात घातलाही.

"काय करताय?" मागून आबा.

"गवत, आबा. गवत काढतोय."

"त्या एकले हात नका लावू. ते मन्या बोटंले ओळखस."

मी हात काढला. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची माया.

डिसेंबर लागला आणि त्या अकरा रोपांची मधली पानं एकमेकांवर वळायला लागली. मी खूष, फुल धरतंय. स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं. ती कणीक मळता मळता खिडकीतून बघत राहिली आणि तिचे हात थांबले.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "तो कोबी आहे."

"काय?"

"कोबी. पत्ताकोबी. अकरा."

रोपवाटिकेतला तो माणूस का थांबला होता ते मला तेव्हा कळलं.

त्याच दुपारी आबांनी बहिणीला फोन लावून सांगितलं, पहिला फ्लॉवर तुला. पंधरा दिवसांत ये. आणि हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसले.

आठ दिवस आम्ही दोघं नवरा-बायको चोरांसारखे कुजबुजत होतो. मी म्हणालो, खरं सांगून टाकू. ती म्हणाली, तोंड उघडलंत तर बघा, ते त्याच दिवशी जातील, आणि तिकडे परत पडले तर तुम्ही उचलायला जाणार आहात का? मी म्हणालो, बाजारातून एक फ्लॉवर आणून मधल्या पानांत बसवू. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विचार परत घेतला. खरं तर पूर्ण घेतला नव्हता. भाजीबाजारात जाऊन एक-दोन मापात बसतील असे बघूनही आलो.

आणि मग ती सकाळ आली. आबांनी पहिल्या रोपाच्या पोटात हात घातला. दाबून पाहिलं. दुसऱ्याच्या. त्यांची बोटं गड्ड्यावरून गोल फिरत होती. मी दारात चहाचा कप धरून उभा.

"जावईबापू. हाई काय शे?"

आता बघा, सुटायला वाट होती. पाकिटातच भलतं बी निघालं, असं म्हणालो असतो तर संपलं होतं. पाकिटाशी भांडायला कोण जाणार? आबांनी कंपनीला दोन शिव्या घातल्या असत्या, आम्ही पुन्हा पेरलं असतं. पण मला खोटं बोलता येतं ते फक्त गरज नसताना. मी म्हणालो, "कोबी आहे, आबा. त्या नर्सरीवाल्यानं फसवलं आपल्याला."

आबांनी मान वळवली. "कोणता नर्सरीवाला? आपण तं बीज टाकेल व्हतं."

आत काहीतरी भांडं पडलं.

"मना बारा रोप कोठे गयात?"

मग मी सगळं सांगितलं. चिंधी, स्कूटर, पंप, फाटक. टोपलीचं आणि बाराव्या रोपाचं तेवढं सांगायचं राहून गेलं. मधे बायको बाहेर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, मीबी व्हती त्यामां." आबांनी ऐकून घेतलं. पंपाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. शेतात अशी चूक त्यांच्या भावाच्या हातूनही झाली होती, दोन एकर कपाशी गेली होती. ते दुसऱ्याच गोष्टीशी थांबले.

"दोन महिने मी दुसरानी रोपं मोजी ऱ्हायंतू," ते म्हणाले. "रोज. मोठाईन. आणि तुम्ही दोन्ही आयकी ऱ्हायंतात. मी आंधळा शे म्हणीसन?"

मी आजवर खूप वेळा मूर्ख ठरलोय आणि त्याचं मला काही वाटत नाही. लोकांना हसायला होतं, मलाही होतं. त्या दिवशी मी मूर्ख नव्हतो. त्यापेक्षा खालचं काहीतरी होतो.

आबा दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी पिशवी भरली. लेकीनं हात जोडले, भांडली, रडली. ते एवढंच म्हणाले, "बोली व्हयेल व्हती, माय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायचं ठरलं. पिशवी ओट्यावर आली. मी स्कूटर काढून उभा. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. निघण्याआधी आबा पाय धुवायला परसात गेले. त्या अकरांकडे त्यांनी तोंडही वळवलं नाही. दगडावर पाय ठेवला, तोल गेल्यासारखा झाला म्हणून हात टेकला तो शेजारच्या बाराव्या रोपावर.

तो हात तिथेच राहिला.

मी वाट पाहिली. पाण्याचा नळ तसाच चालू होता. "आबा, गाडी..." मी म्हणालो.

त्यांनी दुसरा हात वर केला: गप्प. मग खाली बसले, उकिडवे, आणि दोन्ही हातांनी ती लांबट पानं बाजूला केली. मी जवळ जाऊन वाकलो. खोल आत, पानांच्या पोटात, सुपारीएवढं पांढरं काहीतरी होतं. दाणेदार. कोवळं.

"हाई मनं शे?" आबांनी विचारलं.

"हो आबा. हे एकच. याच्यावर टोपली होती."

"नक्की? का यालेबी कोठून आणेल शे?"

हा प्रश्न विचारायचा त्यांना हक्क होता. मी शपथ घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या शपथेला त्या घरात काही भाव उरला नव्हता. बायको दारात आली होती. तिनं येऊन त्यांच्या शेजारी बसकण मारली आणि म्हणाली, "आबा, ती टोपली मीच घालेल व्हती. हाई तुमनंच शे." त्यांनी तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि पुन्हा रोपाकडे वळले.

"आता याले काय लागस?"

मी फोनवर वाचलं होतं: ऊन लागलं तर पिवळं पडतं, म्हणून त्याचीच पानं वर घेऊन बांधायची. सांगितलं. सांगता सांगता सुतळीचं रीळ घेऊन पुढे झालो.

"नका," आबा म्हणाले. इतक्या जोरात की शेजारची बाई गच्चीवरून डोकावली. "तुम्ही नका. माय, तू दे."

त्यांनी पानं एकेक करून वर घेतली, बोटांनी अंतर चाचपलं, सैल गाठ मारली. सोडली, पुन्हा मारली. त्यात चोपड्याची गाडी गेली. पुढची दुपारी होती. दुपारी ते म्हणाले, ऊन कसं उतरतं ते बघून जाऊ. दुसऱ्या दिवशी म्हणाले, गाठ आवळली असेल. पिशवी ओट्यावरच होती. आबा तिच्यातून रोज एक धोतर काढत, धुतलेलं खुंटीवर जाई, पिशवीत परत जात नसे. बायको हे बघत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. मलाही तिनं बोलू दिलं नाही. घरात आम्ही दोघं पंधरा दिवस पायांच्या बोटांवर चालत होतो.

सोळाव्या दिवशी आबांनी तो स्वतः कापला. तळहाताएवढा, पांढरा, एका बाजूनं किंचित पिवळा. नाकाशी नेला. बराच वेळ वास घेत राहिले. आत्याबाई भुसावळहून आल्या होत्या. भाजी चौघांच्या ताटात दोन-दोन तुकडे अशी आली, बाकी ताटभर कोबी. कोबी आम्ही त्या दिवसापासून संक्रांतीपर्यंत खाल्ला. भाजी, भजी, थालीपीठ, पुन्हा भाजी. दर वेळी आबा मला आग्रह करून वाढायचे. "घ्या, जावईबापू. तुमना शे."

जेवण झाल्यावर बायकोनं धीर करून विचारलं, "मंग आबा, आता?" हात पदराला पुसत होती, पण ते कोरडेच होते.

आबांनी सुपारी तोंडात टाकली. "बोली बारानी व्हती," ते म्हणाले. "एकवर निकाल नही लागस. पुन्हा लावनं पडी."

"पण आबा, फ्लॉवर आता थेट पुढच्या भादव्यात," मी म्हणालो. मला गप्प बसता येत नाही.

"मंग?" ते म्हणाले. "मी कोठे जाई ऱ्हायनू?"

त्याच दुपारी त्यांनी काठी घेऊन परसात स्वयंपाकघराच्या पायरीपासून दगडापर्यंत एक रेघ ओढली आणि मला बोलावून बोटानं दाखवली. या रेघेच्या आत जावयानं पाऊल टाकायचं नाही. पाणीसुद्धा बाहेरून द्यायचं, आणि कोणत्या बादलीतलं ते आधी विचारायचं.

आता तिथे गिलक्यांचे वेल चढताहेत. मी रेघेबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून हे लिहितोय. आबा वेलाला बोटं लावत मोजताहेत आणि मधेच थांबून विचारतात, "जावईबापू, पाय कोठे शेतस?"

"बाहेर आहेत, आबा."

ते काठी पुढे करून चाचपून बघतात, आणि मग मोजणी पुढे सुरू होते.